खालून पाहिलेला केन

कॅमेरा खाली ठेवला की माणूस बलवान दिसतो, असा नियम आपण सांगून टाकतो. ऑर्सन वेल्स यांचा 'सिटिझन केन' (१९४१) पाहताना मात्र आम्हांला तो अपुरा वाटला. निवडणूक हरलेला केन आणि मित्र लेलंड यांच्या प्रसंगासाठी छायालेखक ग्रेग टोलंड यांनी सेटची जमीन फोडून कॅमेरा खाली नेला. भिंगाजवळचे पाय प्रचंड दिसतात, डोके दूर जाते. हे साधे अंतराचे गणित. पण वर छत दिसते, ताणलेल्या कापडाचे. त्याखाली हा धिप्पाड माणूस कोंडल्यासारखा वाटतो. गणित तेच, अर्थ उलटा! नुसता कोन अर्थ ठरवीत नाही. चौकटीत आणखी काय आहे, तेही पाहावे लागते. विद्यार्थ्यांना नियम सांगण्याआधी हा प्रसंग जरूर दाखवावा.