ऑर्गनचा हेलकावा

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात संगीत नाटक असलं आणि साथीला खरा, पायाने भाता मारायचा ऑर्गन असला, तर पहिला सूर कान देऊन ऐकावा. पट्टी दाबताक्षणी तो येत नाही. आधी किंचित श्वास, मग सूर. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर नेमका हा श्वासच गायब असतो.

चर्चमधल्या भव्य ऑर्गनला नळ्या असतात. आपल्या रंगभूमीवर रुळला तो त्याचा धाकटा भाऊ; नळ्यांऐवजी पितळी रीड्स. पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, याचा आत ओढतो. शिवाय प्रत्येक रीड लाकडी खोबणीत बसवलेलं. त्यामुळे पेटीचा सूर टोकदार, तर याचा गोल. बालगंधर्वांच्या मागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे; गायक दम घेई तेव्हाही सुराचं वस्त्र विरत नसे.

जुना ऑर्गन उघडला की दोष बहुधा भात्यातच निघतो. रबरी कापड तडकलेलं, नमद्याला कसर लागलेली, पावसाळी हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकलेल्या. हे सगळं खुशाल बदलावं. कारागिराची परीक्षा रीड्सपाशी. टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो, आणि गेलेलं पितळ परत येत नाही. काही ऑर्गनांत रीड्सच्या दोन ओळी मुद्दाम एकमेकींपासून केसभर वेगळ्या लावलेल्या असतात. एकत्र वाजल्या की सूर संथ हेलकावतो. मोबाइलवरचा ट्यूनर याला चूक ठरवतो आणि हौशी दुरुस्तीवाला ती सुधारून टाकतो. मग ऑर्गन बिनचूक होतो आणि निर्जीवही. (दुरुस्तीतून भलंही होतं म्हणा: 1887 मध्ये जपानमधल्या हामामात्सूच्या शाळेतला ऑर्गन दुरुस्त करता करताच तोराकुसू यामाहा वाद्यनिर्माता झाला.)

ऑर्गनला मींड नाही, त्याचा गंधार जाणत्या कानाला जरा चढाच लागतो. पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने 1940 मध्ये तिला दार बंद केलं. पण मुरलेला साथीदार गंधारावर रेंगाळतच नाही. षड्ज-पंचम धरतो, गंधाराला नुसता स्पर्श करतो आणि बाकीचं गुडघ्याजवळच्या दांडीवर सोडतो. आवाज लहानमोठा होतो तो तिथून. दुरुस्त केलेला ऑर्गन पारखायचा तर म्हणून भराभर सरगम वाजवू नये. षड्ज-पंचम धरावा, ती दांडी अगदी सावकाश रेटावी आणि आवाज कुठेही ठेच न खाता फुलतो का, ते ऐकावं.