फोटॉनांची मोजणी आणि तिच्यातील गृहीतके

जड अणुकेंद्रकांच्या उच्च-ऊर्जा टकरीत किती कण निर्माण होतात, हा प्रश्न वरवर निव्वळ मोजणीचा वाटतो. वस्तुतः तो व्याख्येचाही आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील ‘स्टार’ प्रयोगगटाने 2005 मध्ये प्रसिद्ध केलेला फोटॉनविषयक निबंध या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. त्यात प्रत्येक न्यूक्लिऑन-जोडीमागे 62.4 जीईव्ही ऊर्जेच्या सुवर्णकेंद्रकांच्या टकरींचा विचार आहे. मोजणीचे उपकरण भारतीय संस्थांनी घडविले होते आणि मुंबईची आयआयटी त्या कार्यात सहभागी होती.

मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1950 नंतरच्या दशकात विश्वकिरणांच्या मागोव्यांची मोजणी इमल्शनवर, सूक्ष्मदर्शकाखाली होत असे. तेथे घटना थोड्या. विद्युत्भाररहित कणाचा मागोवा तर उमटतच नसे. नव्या उपकरणाने ही उणीव भरून काढली. शिशाच्या पत्र्यात शिरलेला फोटॉन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा वर्षाव निर्माण करतो व पत्र्यामागील वायुकोष्ठकांपैकी अनेक उद्दीपित होतात. भारित पायॉन सामान्यतः एकाच कोष्ठकात खूण ठेवतो. तथापि काही पायॉन शिशात आंतरक्रिया करून फोटॉनासारखे भासतात आणि काही फोटॉन निसटतात. त्यामुळे करावी लागणारी दुरुस्ती संगणकीय अनुकरणातून येते, आणि त्या अनुकरणात कणांचे परस्परप्रमाण आधीच गृहीत असते.

फोटॉनांची संख्या सहभागी न्यूक्लिऑनांच्या प्रमाणात वाढते, हा निबंधाचा प्रमुख निष्कर्ष. परंतु सहभागी न्यूक्लिऑन कोणी मोजलेले नाहीत. मध्यवर्ती कोनातील भारित कणांच्या संख्येवरून, ग्लाउबर प्रतिमानाच्या साह्याने, त्यांचे अनुमान केले जाते. दोन्ही मोजण्या भिन्न कोनीय पट्ट्यांतील असल्याने एकाच संख्येची स्वतःशी तुलना होत नाही, हे निबंधाचे बलस्थान मानले पाहिजे.

पुढील दिशेच्या पट्ट्यातील फोटॉन-वितरण, झोताच्या गतीच्या संदर्भात मांडले असता, ऊर्जेवर व टकरीच्या केंद्रीयतेवर अवलंबून नसते, हा दुसरा निष्कर्ष अधिक कठोर परीक्षा मागतो. केंद्रीय टकरीत कोष्ठकांची गर्दी वाढते, पुंजके एकमेकांत मिसळतात. म्हणजे केंद्रीयतेविषयीचे विधान केंद्रीयतेनुसार बदलणाऱ्या दुरुस्तीवरच उभे राहते.

यावरून निष्कर्ष असिद्ध ठरत नाही. मात्र अशी आकडेवारी वाचताना मूळ पुंजकासंख्या, उंबरठा बदलल्याचे परिणाम आणि वेगळ्या कणप्रमाणाचे अनुकरण या तिन्हींची विचारणा झाली पाहिजे. तिच्याविना निरीक्षण कोठे संपते व प्रतिमान कोठे सुरू होते, हे सांगता येणार नाही.