तिसरं पुस्तक कोण उघडणार?

'इनहेरिट द विंड' हा सिनेमा आपली पोरं हल्ली एकमेकांना दाखवतात. अभ्यासवर्गातही लावतात. सिनेमा चांगला आहे, त्यात वाद नाही. स्टॅन्ले क्रेमरने तो १९६० साली काढला. त्याआधी १९५५ साली जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ली या दोघांचं त्याच नावाचं नाटक रंगभूमीवर आलं होतं. त्यातला वकील, म्हणजे स्पेन्सर ट्रेसी, पोथीवाल्याला भर कोर्टात उलटे प्रश्न विचारतो आणि त्याला घाम फोडतो. आपल्याला ते आवडणारच. पोथीला प्रश्न विचारायची चोरी असलेल्या घरांतून आपण आलो.

पण सिनेमा संपल्यावर पोरं जे बोलतात, त्याच्यासाठी हे लिहायला घेतलंय. पोरं म्हणतात, एका बाजूला धर्म, एका बाजूला विज्ञान, आपण विज्ञानाच्या बाजूचे. खलास. मित्रांनो, एवढ्यावर खलास होत नाही. मी सूतगिरणीत काम करतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या, पण मुद्दा सोडू नका.

आधी खरं काय घडलं ते बघू. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने १९२५ साली बटलर कायदा केला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं सरकारी शाळेत शिकवायचं नाही, असा तो कायदा. डेटन गावातला जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा मास्तर. त्याच्यावर खटला झाला. सिनेमात मास्तर तुरुंगात बसतो, बाहेर जमाव खवळलेला असतो. खऱ्या स्कोप्सला तुरुंगात बसावं लागलं नाही. नागरी स्वातंत्र्यवाल्या संघटनेला कायद्याला आव्हान द्यायचं होतं, आणि गावातल्या चार प्रतिष्ठितांना गावाचं नाव व्हायला पाहिजे होतं. त्यांनीच मास्तरला तयार केलं. जुलै महिन्यात खटला चालला, शंभर डॉलर दंड झाला. १९२७ साली वरच्या कोर्टाने दंड रद्द केला, तोही तांत्रिक कारणावरून. कायदा तसाच राहिला. तो गेला १९६७ साली.

नाटकवाल्याने फेरफार केला म्हणून मी भांडत नाही. नावं बदलली, त्यांना मॅकार्थीच्या काळातल्या दडपशाहीवर बोलायचं होतं, ठीक आहे. माझं भांडण वेगळं आहे. स्कोप्सच्या हातात जे पुस्तक होतं, ते सिनेमा उघडतच नाही.

ते पुस्तक म्हणजे जॉर्ज विल्यम हंटर याचं 'अ सिव्हिक बायॉलॉजी', १९१४ सालचं. गंमत बघा, टेनेसी सरकारनेच ते शाळांना लावलेलं. त्यात उत्क्रांती आहे. आणि त्याच पुस्तकात माणसांचे पाच वंश मांडून सगळ्यांत वर गोरा बसवलाय. पुढे सुप्रजनन आहे. काही घराणी समाजावर जगणारी बांडगुळं आहेत, ती जनावरं असती तर मारून टाकली असती, माणसं आहेत म्हणून निदान त्यांची पैदास थांबवावी, असा त्याचा आशय. हे पोराबाळांच्या शाळेत, विज्ञान म्हणून! च्यायला, उतरंड आपल्याला माहीत नाही काय? मनूने ती देवाच्या तोंडून सांगितली, हंटरने ती जीवशास्त्राच्या तोंडून सांगितली.

आणि हे पुस्तकात राहिलं नाही. व्हर्जिनिया राज्याने १९२४ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला. विरोधात गेलेला एकटा न्यायमूर्ती, पिअर्स बटलर, कॅथलिक होता. १९३० साली पोपनेही अशा नसबंदीला विरोध केला. म्हणजे इथे सनातनी चर्च गरिबाच्या देहाच्या बाजूने उभं होतं, आणि सुधारलेले म्हणवणारे सुरी घेऊन उभे होते. हे सिनेमाच्या चौकटीत बसत नाही.

आता दुसऱ्या वकिलाकडे या. सिनेमात तो ढेरपोट्या, खादाड, बावळट दाखवलाय. खरा विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि तीनदा पडला. शेतकरी आणि कामगार त्याला आपला माणूस मानत. बायकांचा मताधिकार, श्रीमंतांवर आयकर, युद्धाला विरोध, या गोष्टींसाठी तो बोलला. डार्विनवर त्याचा राग नुसता बायबलमुळे नव्हता. बलवान जगतो आणि दुबळा मरतो हाच निसर्गाचा कायदा म्हटल्यावर दुबळ्याने कुणाकडे बघायचं, हा त्याचा सवाल होता. कामगार म्हणून मला हा सवाल झटकून टाकता येत नाही.

पण थांबा, ब्रायनला डोक्यावर घेऊ नका. १९२४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कु क्लक्स क्लॅनचं नाव घेऊन निषेध करायचा ठराव आला. ब्रायन त्याच्या विरोधात बोलला आणि ठराव थोडक्यात पडला. माकडाशी नातं सांगितलं म्हणून हा माणूस पेटून उठला. हंटरच्या पुस्तकात गोऱ्याला वर बसवलंय, त्यावर त्याने लढा दिला नाही. त्याचा दुबळा गोरा होता. काळा त्यात धरलेला नव्हता.

त्याच्या समोरचा क्लॅरेन्स डॅरो मात्र १९२५-२६ साली डेट्रॉइटमध्ये ऑसियन स्वीट या काळ्या डॉक्टरच्या बाजूने उभा राहिला. गोऱ्या वस्तीत घर घेतलं म्हणून जमाव चालून आला होता. १९२६ सालीच डॅरोने सुप्रजननवाल्यांच्या विरोधात लेखही लिहिला. सिनेमाला एवढा मोठा डॅरो पेलला नाही. त्याला फक्त बायबलची फिरकी घेणारा डॅरो पाहिजे होता.

सनातनी गोऱ्या चर्चचा पुढचा प्रवासही आपल्या पोरांनी वाचला पाहिजे. सदर्न बाप्टिस्ट हा पंथ १८४५ साली गुलामगिरीच्या वादातून वेगळा निघाला. त्याबद्दल माफीचा ठराव केला १९९५ साली. हिशेब तुम्हीच करा. व्हर्जिनियात काळी बायको आणि गोरा नवरा यांच्या लग्नावर खटला झाला, तेव्हा जजाने लिहिलं की देवाने वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, ते मिसळू नयेत म्हणूनच. तो बंदीचा कायदा १९६७ साली पडला. जेरी फॉलवेल या पाद्र्याने १९६५ साली प्रवचन दिलं की धर्मोपदेशकांनी मोर्च्यात जाऊ नये, राजकारण त्यांचं काम नव्हे. रोख होता मार्टिन ल्यूथर किंगवर. त्याच फॉलवेलने १९७९ साली 'मॉरल मेजॉरिटी' काढली आणि उघड राजकारणात उतरला. काळ्याने देवाचं नाव घेऊन हक्क मागितला तर ते राजकारण, आणि यांनी मतं मागितली तर ती नीती.

विज्ञानाच्या बाबतीतही तोच कावा. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने 'सृष्टिविज्ञान' शाळेत सक्तीने शिकवायला मनाई केली. लगेच एका क्रमिक पुस्तकाच्या कच्च्या खर्ड्यात 'सृष्टिवादी' शब्द खोडून तिथे 'रचनेचे पुरस्कर्ते' असा शब्द घातला गेला. बाकी मजकूर बहुतेक तोच. २००५ साली डोव्हरच्या खटल्यात हे खर्डे कोर्टापुढे आले आणि पितळ उघडं पडलं. आपल्याकडे वर्णाचं 'गुणकर्म' झालं तेव्हा कुठलं कोर्ट बसलं होतं?

मात्र हेही लक्षात ठेवा. अर्कान्सा राज्याच्या असल्याच कायद्याविरुद्ध १९८१ साली कोर्टात गेलेल्यांत बिशप आणि पाद्री होते, आणि १९८२ साली ते जिंकले. किंगही बाप्टिस्ट पाद्रीच. म्हणजे बायबल एकच, पण ते कुणाच्या पाठीवर ठेवून वाचायचं यावर सगळं अवलंबून.

मग आपण कुठे उभं राहायचं? बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये रस्ता दाखवलाय. जातीला वंशशुद्धीचा, सुप्रजननाचा आधार देणारे तेव्हाही होते. बाबासाहेब विज्ञानावर रुसले नाहीत. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, हे त्यांनी विज्ञानाचाच दाखला देऊन मांडलं. शास्त्राच्या नावाखालचं खोटं शास्त्रानेच फाडायचं. विज्ञानात तशी सोय आहे. हंटरचं ते पान विज्ञानाने पुढे स्वतःच टाकून दिलं. पोथीतलं पान कुणी टाकू म्हटलं तर मोर्चा येतो. म्हणून मी विज्ञानाच्या बाजूचा आहे, पण डोळे मिटून नाही.

सिनेमाच्या शेवटी वकील एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातात डार्विन घेतो, तोलतो, दोन्ही एकावर एक ठेवतो आणि निघून जातो. टाळ्या पडतात. पोरांनो, सिनेमा जरूर दाखवा. पण त्या टाळ्या थांबल्या की हंटरच्या पुस्तकातलं ते पाच वंशांचं पान मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग चर्चा सुरू करा.