तीन शिट्ट्यांचं गद्य : खानदेशी कोंबडी, कुकर आणि पाककृतीची भाषा

मराठी पाककृतीत वेळेची मापं मोजकीच आहेत. 'तेल सुटेपर्यंत', 'खमंग वास येईपर्यंत', 'दणदणीत वाफ आली की', 'बोटचेपं शिजलं की'. ही सगळी मापं रांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर, नाकावर आणि बोटांवर भरवसा ठेवतात. 'तीन शिट्ट्या' हे त्यातलं एकच माप कानाचं आहे, आणि हे माप चालू असताना भांड्यात डोकावून बघायची सोय नाही. झाकण लागलं की रांधणारी बाहेर आणि कोंबडी आत.

या मापाभोवती आता एक छोटा गद्यप्रकार उभा राहिला आहे. साप्ताहिक पुरवण्यांतली चौकट, मासिकाचं शेवटचं पान, मसाल्याच्या पाकिटाची मागची बाजू, वाहिन्यांवरचे कार्यक्रम अशा सगळ्या ठिकाणी तो भेटतो. मथळा ठरलेला : 'कुकरमधलं झटपट चिकन'. अलीकडे त्याला 'खानदेशी' हे विशेषण लागू लागलं आहे. जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरात वाढलेला आणि आता त्याच स्वयंपाकघरात रांधणारा वाचक म्हणून या गद्याकडे थोडं बारकाईने पाहायचं ठरवलं. माझी तक्रार कुकरबद्दल नाही. कुकरच्या नावावर जे खपवलं जातं त्याबद्दल आहे.

आधी यंत्र काय करतं ते पाहू. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९मध्ये वाफ कोंडणारं भांडं लंडनला दाखवलं, ते मुळात हाडं मऊ करण्यासाठी. भारतात प्रेशर कुकरचं उत्पादन १९५९च्या सुमारास सुरू झालं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो रुखवतात मांडला जाऊ लागला. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे ते १२० अंशांच्या आसपास पोचतं. एवढीच त्याची करामत. वीस अंश जास्त, पण ओले.

'ओले' हा शब्द महत्त्वाचा आहे. खानदेशी रश्श्याचा जो रंग आणि जो करपट-गोडसर वास आपण ओळखतो, तो ओल्या उष्णतेतून येतच नाही. कांदा आणि खोबऱ्याची वाटी विस्तवावर किंवा गॅसच्या बर्नरवर धरून काळी होईपर्यंत भाजायची, दगडफूल, धणे, मिरी, लवंग, मिरच्या कोरड्याच परतायच्या, मग वाटायचं. पदार्थ असा गडद व्हायला १४० अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते. कुकर तिथवर पोचूच शकत नाही. म्हणजे 'काळ्या मसाल्याच्या भाजी'तलं जे काळं आहे, ते सगळं झाकण लावायच्या आधी व्हावं लागतं. (आमच्याकडे तिला भाजीच म्हणतात. अहिराणीत 'कोंबडीनी भाजी'. 'चिकन करी' हा हॉटेलातला शब्द.)

आता झटपट पाककृती वाचा. साहित्याच्या यादीत एक ओळ असते : 'भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, एक वाटी'. बस. पुढे कृती सुरू होते आणि वीस मिनिटांत संपते. त्या एका वाटीत काय काय आहे हे घरात रांधणाऱ्याला विचारा. चार कांदे भाजायला पंधरा मिनिटं, खोबरं भाजायला पाच, ते निवायला दहा, सोलून-चिरून मिक्सरला लावायला दहा. वाटण तेलात परतून कडेने तेल सुटायला आणखी दहा-पंधरा. म्हणजे जवळजवळ तासाभराचं काम यादीतल्या एका नामात कोंबलं आहे. व्याकरणाची ही युक्ती लक्षात घेण्यासारखी आहे : क्रियापदाचं विशेषण केलं की श्रम दिसेनासे होतात. 'भाजा' म्हटलं की कुणीतरी भाजावं लागतं. 'भाजलेलं' म्हटलं की ते आपोआप भाजून आलेलं असतं.

जुन्या पुस्तकांत हे तितकं नव्हतं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१०चं. त्यातलं जग पाठारे प्रभूंचं, मुंबईचं, मांस-मासळीला मानाचं पान देणारं. कुकर अर्थातच नाही. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापं घराघरांत पोचवली आणि पहिल्यांदाच रांधणाऱ्या मुलीलाही हाताशी धरलं. या दोन पुस्तकांची स्वयंपाकघरं वेगळी, जातीही वेगळ्या. पण दोघींनाही रांधणं हे काम आहे हे मान्य होतं. 'झटपट'ला ते मान्य नाही. तो शब्द कामाचं वर्णन करत नाही, कामाची लाज बाळगतो.

दुसरा मुद्दा कोंबडीचा. 'चिकन, एक किलो' असं लिहिलेलं असतं. कोणतं?

परसातली गावरान कोंबडी कापली जाते तेव्हा सात-आठ महिन्यांची तरी असते. अंडी देऊन थकलेली असेल तर दोन-तीन वर्षांचीही. ती दिवसभर चालते, उकिरडा उकरते, झाडावर चढते. वयाबरोबर तिच्या स्नायूंभोवतीच्या पेशीजालातलं कोलॅजन घट्ट होत जातं आणि ते विरघळून मऊ व्हायला ओली उष्णता आणि वेळ दोन्ही लागतं. अशा कोंबडीला पातेल्यात दीड-दोन तास कमी पडतात. कुकरचं खरं उपकारी रूप इथे दिसतं : तिचं काम तो पाऊण तासाच्या आत आणतो.

बाजारातला ब्रॉयलर हा वेगळाच पक्षी. पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज १९७१ची. त्यानंतरच्या काळात व्यापारी कुक्कुटपालन वाढलं, आणि आपल्या भागात सुरत-धुळे महामार्गावरचं नवापूर त्याचं मोठं केंद्र झालं. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. त्याचं मांस इतकं कोवळं की उघड्या पातेल्यात झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत शिजतं. त्याला तीन शिट्ट्या दिल्या की हाड एकीकडे, मांसाचे दोरे दुसरीकडे आणि रश्श्यात भुसा. तरीही पाककृती तीनच शिट्ट्या सांगते. माझा निष्कर्ष असा की तीन शिट्ट्या हे गावरान कोंबडीचं आणि मटणाचं माप आहे. ब्रॉयलरला ते वारशाने मिळालं. पक्षी बदलला, वाक्य तेच राहिलं.

शिट्टी हे मापही मुळात लवचीक. मोठ्या आचेवर, अर्ध्या भरलेल्या कुकरच्या तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतात. मंद आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतात. म्हणून कुकरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत शिट्ट्या न मोजता पूर्ण दाब आल्यावर आच कमी करा आणि मिनिटं मोजा असं सांगितलेलं असतं. ही पुस्तिका कुणी वाचत नाही, यात आळस कमी आणि परिस्थिती जास्त आहे. चुलीवर कुकर ठेवणाऱ्या बाईला आच 'कमी' करायची म्हणजे काडी मागे ओढायची. आच मिनिटामिनिटाला बदलते, तेव्हा घड्याळापेक्षा शिट्टीच खरी. उज्ज्वला योजना २०१६ची. त्याआधी आणि सिलिंडर संपल्यावर नंतरही आमच्या खेड्यांत कुकर चुलीवर काळा झालेला पाहिला आहे. शहरातल्या पाककृतीने हे माप घेतलं, त्याचं कारण घेतलं नाही.

मग वेळ वाचतो का? ब्रॉयलरच्या बाबतीत हिशेब करून पाहिला. दाब यायला सात-आठ मिनिटं, शिजायला चार-पाच, वाफ आपोआप उतरायला दहा. झाली वीस-बावीस मिनिटं. पातेल्यातही तेवढीच लागतात. शिवाय कुकर उघडल्यावर रस्सा पाच मिनिटं उघडाच उकळावा लागतो, नाहीतर तर्री वर येत नाही आणि पाणी एकीकडे, वाटण एकीकडे राहतं. घड्याळाच्या हिशेबाने कुकर इथे काहीच देत नाही.

तरीही जळगावातल्या नोकरदार घरात बुधवारी रात्री कुकरच चढतो, आणि तो योग्यच चढतो असं माझं मत आहे. कारण कुकर मिनिटं वाचवत नाही, लक्ष वाचवतो. पातेल्यापाशी उभं राहावं लागतं : उतू जातंय का, बुडाला लागतंय का, पाणी आटलं का. कुकर हाक मारतो. त्या वीस मिनिटांत मुलाचं गणित पाहता येतं, वाळलेले कपडे काढता येतात, सासऱ्यांची बीपीची गोळी देता येते, भाकरीचं पीठ मळता येतं. शिट्टी हे शिजण्याचं माप म्हणून कच्चं आहे. बाईला स्वयंपाकघरातून तात्पुरतं सोडवणारी सूचना म्हणून मात्र चोख आहे. मे महिन्यात धुळ्याला पारा ४४-४५ला टेकतो, तेव्हा ओट्यापासून दहा पावलं लांब जाता येणं ही लहान गोष्ट नाही. झटपटवाल्या गद्याने नेमका हा फायदा कधी लिहिला नाही. लिहायचा तर त्याच वीस मिनिटांत ती आणखी चार कामं करते हेही लिहावं लागलं असतं.

बुधवार मुद्दाम म्हटलं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत वर्ज्य, एकादशी-चतुर्थी वेगळी, श्रावण पूर्ण बंद. उरतात बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी वेळ असतो, त्या दिवशी मटण आणि कुणी पुरुष हौसेने मसाला परततो. 'आठवड्यातल्या धावपळीच्या दिवशी' असं पाककृती मोघम म्हणते, ते आमच्याकडे बुधवार आणि शुक्रवार असं नेमकं असतं, आणि ते दोन दिवस बाईचे असतात.

तिचा उपाय पाककृतीत नसतो, पण घरोघरी आहे. रविवारी आठवड्याचं वाटण एकदम भाजून, तेलात परतून डब्यात ठेवायचं. भारनियमनाच्या दिवसांत ही सवय घट्ट झाली. संध्याकाळी मिक्सर चालेल याची खात्रीच नव्हती. काळा मसाला तर उन्हाळ्यात वर्षभराचा होतो. म्हणजे बुधवारची 'झटपट' भाजी ही रविवारच्या दुपारीची आणि मे महिन्यातल्या डंकाच्या रांगेची भाजी आहे. या भाजीची खरी पाककृती लिहायची तर ती मे महिन्यापासून सुरू करावी लागेल.

वाटण कुकरमध्ये घालायचं की नंतर, यावर घराघरांत दोन पंथ आहेत. एक पंथ कोंबडी हळद-मीठ, आलं-लसूण लावून नुसती शिजवतो, अळणी पाणी लहान मुलांना वाटीत देतो आणि फोडणीत मसाला परतून मग दोन्ही एकत्र करतो. गावरानला हीच पद्धत बरी. दुसरा पंथ कुकरमध्येच मसाला परततो, त्यात तुकडे घोळवतो, गरम पाणी ओतून एक शिट्टी देतो. ब्रॉयलरला ही. पण डाळ्याचं पीठ लावून दाट केलेला रस्सा कुकरमध्ये घालू नये, तो बुडाला धरतो. दाटपणा झाकण उघडल्यावर आणावा. छापील पाककृती दोन्ही पंथांची भेसळ करते : आधी शिजवा, मग मसाल्यात घालून पुन्हा दोन शिट्ट्या. ब्रॉयलरचं यात काय होतं ते वर सांगितलंच आहे.

कुकरला आणखी एक काम २००६मध्ये लागलं. त्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. पुढच्या महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो सापडला. मांस आतपर्यंत ७० अंशांना शिजलं तर विषाणू टिकत नाही, असं तेव्हा सांगितलं जात होतं. घरात कुणाकडे मांसात खुपसायचा तापमापक असतो? १२० अंशांचा कुकर हाच सामान्य माणसाचा भरवसा. एकाची शिट्टी तीनवर गेली असेल तर त्यात या भीतीचाही वाटा असावा असं मला वाटतं. २०२१मध्ये नवापूरला पुन्हा तेच घडलं, तेव्हा शेजारच्या काकू सरळ पाच शिट्ट्यांवर गेल्या होत्या. चवीची चर्चा त्या दिवसांत कुणी केली नाही.

खानदेशाची खाद्य-ओळख बाहेर जाते ती भरीत, शेवभाजी, खापरावरचे मांडे आणि कळण्याची भाकरी घेऊन. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. मांसाहारी रांधणं मात्र नोंदीत येतं तेव्हा 'कोण खातं' या प्रश्नाच्या रूपात. १८८०च्या खानदेश गॅझेटियरमधल्या जातवार वर्णनांत आहार येतो, कृती येत नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची कृतीसकट नोंद केली आणि कोण खातं, कसं रांधतं आणि का तसं रांधावं लागतं हे तिन्ही प्रश्न एकत्र विचारले. खानदेशी रश्श्याबद्दल लिहिणाऱ्यांनी ते पुस्तक समोर ठेवावं, चवीसाठी नव्हे, पद्धतीसाठी.

तशी नोंद झाली तर तिच्यात दुसरा कुकर यायला हवा. आमच्याकडे बऱ्याच घरांत एखादी आजी किंवा आजोबा माळकरी असतात. मुक्ताईनगर, पंढरीची वारी चुकत नाही. त्या घरांत कोंबडीचा कुकर वेगळा, बहुतेक वेळा जुना, कान तुटलेला, मोरीजवळच्या फळीवर किंवा गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेला. झाकणाची रबरी रिंग वास धरते, कितीही घासली तरी. म्हणून रिंगही वेगळी, तिला खूण म्हणून दोरा बांधलेला. शेगडी कधी मागच्या अंगणात. बुधवारी तो कुकर निघतो, शिट्टी वाजते, माळकरी आजी दार ओढून घेते आणि आतून विचारते, 'शिजनी का?' हा कुकर मी किमान दहा घरांत पाहिला आहे. एकाही छापील पाककृतीत तो मला आढळलेला नाही.