अरिकमेडूचे शीर्षक

पुरातत्त्वाच्या अहवालात वाङ्मयीन गुण नसतात असे म्हणणाऱ्याने सर मॉर्टिमर व्हीलर यांचा अरिकमेडूवरील अहवाल अवश्य वाचावा. १९४५ साली पुदुच्चेरीजवळ अरियनकुप्पम् नदीच्या काठी उत्खनन झाले. अ. घोष व कृष्ण देव यांच्या सहकार्याने लिहिलेला अहवाल १९४६ मध्ये ‘एन्शंट इंडिया’च्या दुसऱ्या अंकात प्रसिद्ध झाला. भाषा रेखीव आहे. इटलीतील अरेझोच्या लाल चकाकीच्या खापरांवरून दक्षिणेतील थरांचा काळ ठरविण्याची युक्ती आजही दाद घेते.

आमचा आक्षेप शीर्षकावर आहे. त्यात या जागेला ‘भारत-रोमन व्यापारी ठाणे’ म्हटले आहे. आमची हयात सरकारी दप्तरात गेली. फाइलीवरचा विषय आतल्या कागदांचा अर्थ कसा ठरवितो, हे आम्ही पाहिले आहे. येथेही तेच घडले. ठशांच्या वर्तुळाकार नक्षीच्या थाळ्यांचे मूळ व्हीलर यांनी भूमध्य समुद्राकडे शोधले. पुढे मातीच्या पृथक्करणातून त्या भारतीयच ठरल्या. १९८९ ते १९९२ या काळात विमला बेग्ली यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा रोमन माल येण्यापूर्वीची वस्ती स्पष्ट झाली. ब्राह्मी लिपीतील अक्षरे कोरलेली खापरे तर मूळ अहवालातच आहेत! शीर्षकावर त्यांचा काहीच परिणाम झाला नाही.

आणि नदी? व्हीलर यांची नजर समुद्रापलीकडे लागलेली. ज्या नदीकाठी ते उभे होते, ती त्यांच्या कथनात केवळ जागेची खूण उरते. वास्तविक रोमन लेखकच अधिक सावध होते. पहिल्या शतकातील प्लिनी सांगतो की पश्चिम किनाऱ्यावरील मुझिरिस येथे जहाजे किनाऱ्यापासून दूर उभी राहत आणि मालाची ने-आण लहान होड्यांतून होई. त्याच किनाऱ्यावर बेकारे बंदरात मिरी येई ती एकाच खोडातून कोरलेल्या होड्यांतून, हेही तो नोंदवितो. पेरियार नदीच्या मुखाजवळ पट्टणम् येथे पी. जे. चेरियन यांच्या नेतृत्वाखाली २००७ पासून उत्खनन झाले. त्यात विटांच्या धक्क्याशेजारी अशीच कोरीव होडी मिळाली, सुमारे सहा मीटर लांब. व्हिएन्नातील दुसऱ्या शतकाच्या पपायरसवर मुझिरिसहून माल घेऊन गेलेल्या ‘हर्मापोलोन’ जहाजाचे नाव टिकले आहे. अशा होड्या वल्हविणाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

पट्टणम् म्हणजेच मुझिरिस, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय एका होडीवरून साऱ्या दक्षिणेचा नदीव्यापार उभा करणे, ही व्हीलर यांचीच चूक उलट दिशेने करणे होईल. त्यासाठी नदीच्या वरच्या अंगाला, मिरी जेथून उतरत असे तेथे, खणावे लागेल.