दिसत नाही, म्हणून सापडत नाही?

करपल्लवी आणि नेत्रपल्लवी हे मराठीतले जुने शब्द. चारचौघांत बोटांच्या खुणांनी किंवा डोळ्यांच्या इशाऱ्यांनी निरोप पोचवायचा आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, ही ती विद्या. तिचे एक आधुनिक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६६ साली उत्तर व्हिएतनामच्या कैदेत असलेले अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेरेमाया डेंटन यांना मुलाखतीसाठी कॅमेऱ्यासमोर बसवले गेले. तोंडाने ते प्रश्नांची उत्तरे देत होते. पापण्यांच्या उघडझापीने मात्र मोर्सच्या लिपीत ‘छळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द एकेक अक्षर करून सांगत होते.

हेच काम आता संगणकावर सोपवले गेले आहे. चालू व्हिडिओ कॉलच्या आत कूटलिपीतला निरोप दडवण्याचे प्रयोग गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच झाले. त्यांच्या वर्णनात ‘अदृश्य’, ‘न सापडणारा’ अशी विशेषणे सहज वापरली जातात. ती कितपत खरी आहेत, हे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करू. निरोपाला कुलूप लावणे ही एक गोष्ट आणि निरोप आहे हेच लपवणे ही दुसरी. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी पाहणाऱ्याला हे काहीतरी गुप्त आहे, एवढे कळत होतेच; वाचता मात्र येत नव्हते. हे कुलूप. पण अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर, अशी ती रीत असल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी तिची उकल करताच सकळ लिपीतल्या पोथ्या वाचता येऊ लागल्या. ऑगस्ट केरखॉफ यांनी १८८३ मध्येच सांगितले होते की, पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी गुपित टिकले पाहिजे. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे कूटलेखन या कसोटीला उतरते. लपवण्याच्या विद्येला मात्र ही कसोटी फार जड जाते.

याचे कारण चित्र कसे पाठवले जाते यात आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र जसेच्या तसे पाठवले तर ते फार मोठे होते. म्हणून त्याच्या लहान चौकटी पाडतात, प्रत्येक चौकटीचे गणिती रूपांतर करतात आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देतात. यासाठी सर्वत्र वापरले जाणारे कोज्या-रूपांतर बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली मांडले. आता गंमत पाहा. ठिपक्यांच्या रंगात किंचित बदल करून निरोप दडवावा, तर हा संक्षेप नेमका तेवढाच बारीक तपशील पुसून टाकतो! म्हणून निरोप ठळक करावा लागतो, किंवा संक्षेपानंतर उरलेल्या आकड्यांत घुसवावा लागतो.

पहिल्या पिढीतल्या काही रचना व्हिडिओ कॉल न करताच त्याचा आव आणत. त्यांतली एक स्काइपचे सोंग घेई. २०१३ साली तीन संशोधकांनी अशा रचनांची झडती घेतली आणि निबंधाच्या शीर्षकातच ‘पोपट मेला आहे’ असे जाहीर केले. बिरबलाच्या गोष्टीतला पोपट आपल्याला ठाऊक आहे. तिथे जे बोलायला कोणी धजत नव्हते, ते इथे स्पष्ट बोलले गेले. खऱ्या स्काइपच्या संभाषणासोबत नियंत्रणाची जी देवाणघेवाण चालत असे, तीच या सोंगात नव्हती.

हे समजायला विरारची लोकल पुरे. संध्याकाळच्या विरार जलद गाडीत चढलेला बोरिवलीचा प्रवासी दिसायला इतरांसारखाच असतो. पिशवी, घड्याळ, पास सगळे तेच. पण कांदिवली मागे पडताच तो दाराकडे सरकू लागतो आणि रोजचे प्रवासी त्याला तत्काळ ओळखतात. त्याला पकडायला पिशवी उघडावी लागत नाही. त्याचे वागणे पुरते.

नंतरच्या प्रयोगांनी सोंग सोडून खराच व्हिडिओ कॉल वापरला. लिस्बन हे नाव वसईकरांना इतिहासातून परिचित आहे. तिथल्या बारादास, सांतोस आणि रॉद्रिगेस यांनी २०१७ साली चित्राच्या एका भागात रंगीत चौकटींच्या रूपाने माहिती पाठवणारी रचना मांडली. पुढच्याच वर्षी या तिघांनी अशा रचनांची, त्यात स्वतःच्याही, फेरतपासणी केली. मजकूर न उघडता, केवळ पाकिटांचे आकार आणि त्यांच्यामधली अंतरे यंत्राला शिकवून त्यांनी दाखवून दिले की, न सापडण्याचे दावे टिकत नाहीत. आपलाच दावा असा जाहीरपणे मोडून दाखवणे, हा आमच्या मते या सगळ्या साहित्यातला सर्वांत मोलाचा भाग आहे.

त्यांच्या २०२० च्या रचनेत संक्षेप झालेल्या चित्राची जागाच निरोप घेतो आणि पाकिटांचे आकार व ठेका बदलत नाही. वेग सेकंदाला सुमारे १४ लाख बिट मिळाला. पण कॉल पुरवणाऱ्या मधल्या संगणकाने पाकीट उघडले, तर आत चित्रच नसते. ही उणीव भरून काढणाऱ्या २०२२ च्या रचनेत चित्र शाबूत राहते, मात्र वेग बराच उतरतो. लपणे आणि लवकर पोचणे यांचे वैर आहे, ते असे.

आमचा मुख्य आक्षेप पद्धतीवर आहे. ‘सापडत नाही’ याचा अर्थ ‘आम्ही कल्पिलेल्या पहारेकऱ्याला सापडत नाही’ एवढाच असतो. उद्याचा पहारेकरी अधिक हुशार निघेल आणि आज साठवलेली नोंदही तपासेल. कुलूप तुटले तर निरोप उघडा पडतो. लपण उघडी पडली तर माणूसच सापडतो. छळाच्या राजवटीत जीव धोक्यात घालणाऱ्या पत्रकाराला हा फरक आधी सांगितला पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. समजा, १,००,००० कॉलपैकी १० कॉलमध्ये निरोप दडवला आहे. पहारेकरी अशा कॉलपैकी ९० टक्के पकडतो आणि निर्दोष कॉलपैकी फक्त १ टक्क्यावर चुकीचा संशय घेतो. उत्तम वाटते ना? आता हिशेब मांडा. खरे सापडतील ९. उरलेल्या ९९,९९० चे १ टक्का म्हणजे जवळजवळ १,००० निर्दोष लोक. संशयितांत शंभरामागे एकही खरा नाही! वसईची कितीतरी घरे आखातात किंवा बोटीवर असलेल्या माणसाशी रोज रात्री व्हिडिओवर बोलतात. क्षीण जोडणीवरून तुटत-तुटत चाललेला असा कॉल यंत्राला वेगळा वाटला, तर त्या कुटुंबाने खुलासा कोणाला द्यायचा? ‘यंत्राने सांगितले’ हा पुरावा नव्हे, हे नववीच्या टक्केवारीने सिद्ध होते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. त्याला संगणक लागत नाही. वीस मुलांना दहा-दहा ओळींचे पत्र लिहायला सांगा. त्यांतल्या दोघांनी ओळींच्या पहिल्या अक्षरांत निरोप दडवावा. इतर मुलांनी पत्रे न वाचता प्रत्येक ओळीतले शब्द मोजावेत आणि कोणती पत्रे वेगळी वाटतात ते सांगावे. किती बरोबर पकडली आणि किती निर्दोष पत्रांवर संशय आला, हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहावेत. बहुतेक वेळा दुसरा आकडा लिहायचा राहून जातो. तो मागण्याची सवय मुलांना लागली, तर ‘अदृश्य’ आणि ‘अचूक’ या दोन्ही शब्दांपुढे थांबून विचार करायला ती शिकतील.