मिक्वेचे पाणी : जुने नेम आणि नवी व्यथा

मिक्वे म्हणजे यहुद्यांचे स्नानकुंड. परंतु त्यात उतरावयाचे ते अंग धुण्यासाठी नव्हे. अंग आधीच स्वच्छ केलेले असावे लागते. नखांतील मळ, बोटातील अंगठी, अंगावरील वस्त्र यांपैकी कशाचाही आडपडदा देह व पाणी यांच्यामध्ये चालत नाही. कुंडास आधार हवा तो पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याचा, निदान चाळीस सेआ मापाचा. घागरीने भरलेले पाणी त्यास चालावयाचे नाही. तापीला सूर्यकन्या मानून आषाढ शुद्ध सप्तमीस तिला चुनडी वाहणाऱ्या या सुरतेत हा आग्रह कोणास परका वाटू नये. यहुदी व्यापारीही येथे एके काळी नांदले. हलबचा शालोम कोहेन येथे व्यापार करून मगच १७९८ साली कलकत्त्यास गेला.

विवाहितेने रजोदर्शनानंतर, वधूने लग्नापूर्वी आणि धर्मात नव्याने येणाऱ्याने दीक्षेच्या वेळी, हे या डुबकीचे रूढ प्रसंग होत. लेखिका अनिता डायमंट यांच्या पुढाकाराने अमेरिकेत बॉस्टनजवळ न्यूटन येथे २००४ साली उघडलेल्या 'मायिम हायिम' अर्थात 'जिवंत पाणी' या मिक्वेने हे क्षेत्र पुष्कळ विस्तारले. कर्करोगावरील उपचार संपल्यावर, गर्भपातानंतर, घटस्फोटानंतर, नोकरीतून निवृत्त होताना माणसे तेथे येऊन डुबकी घेतात. प्रत्येक प्रसंगासाठी नवी वचने रचिली गेली आहेत.

यात धर्माची थट्टा आहे असे म्हणणारांशी आम्ही सहमत नाही. विद्या संपवून स्नान केलेला तो 'स्नातक', हा शब्द आम्ही रोज वापरतो. रोगमुक्तस्नानाचे मुहूर्त आमच्या मुहूर्तग्रंथांतही आहेत. भेद दिसतो तो अन्यत्र. सुतकात आपण सचैल स्नान करतो, म्हणजे वस्त्रासह अशौच पाण्यात नेतो. मिक्वेत माणूस जन्मला तसा उतरतो. शस्त्रक्रियेचा व्रण घेऊन आलेल्या स्त्रीला स्वतःचा देह पुन्हा आपला म्हणावयाचा असेल, तर ही दुसरी रीत अधिक बोलकी आहे, हे मान्य केले पाहिजे. आमची तक्रार आहे ती नव्या वचनांविषयी. प्रत्येक दुःखाला वेगळा मजकूर दिला की दुःखी माणूस पाण्याऐवजी कागदाकडे पाहू लागतो. जुन्या विधीत एक लहानसा आशीर्वाद होता, आणि तो पुरत असे.

याहून गंभीर प्रश्न रेचल अॅडलर यांचा. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी लिहिले की, ही अशुद्धी म्हणजे मृत्यूच्या स्पर्शाची खूण आहे, व डुबकी म्हणजे पुनर्जन्म. त्यात स्त्रीची हीनता नाही. तो लेख वाचून अनेक सुशिक्षित स्त्रिया या विधीकडे वळल्या. १९९३ साली मात्र त्यांनीच ते प्रतिपादन मागे घेतले. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडल्यावर इतर बहुतेक अशुद्धींचा व्यवहार लोपला, विटाळ तेवढा स्त्रीच्या माथी राहिला; मग ही सर्वांसाठीची जन्ममृत्यूची प्रतिमा कशी, असा त्यांचा मुद्दा. स्वतःच्याच गाजलेल्या लेखावर इतकी कठोर टीका क्वचितच कोणी केली असेल.

शिवाय पाणी नेहमीच सांत्वन करीत नाही. आमच्या कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल इस्रायलात गेले, तेव्हा तेथील धर्मपीठाने विवाहाआधी त्यांच्या मातृकुळाची चौकशी सुरू केली. उघड निदर्शनांनंतर १९६४ साली तेथील संसदेस त्यांच्या समानतेचा निर्वाळा द्यावा लागला. इथिओपियाहून आलेल्या यहुद्यांना तर डुबकीच घ्यावयास सांगितले, आणि १९८५ साली त्यांनी त्याविरुद्ध जेरुसलेमात ठाण मांडले. तेच कुंड, तेच पाणी. पण न्यूटनला येणारी स्त्री आपण होऊन येते, येथे मात्र यहुदीपणाचा पुरावा म्हणून बुडी मागितली गेली.

आमच्या देवळांच्या पायरीवरही 'चार दिवस' मोजले जातात, आणि पाचव्या दिवशी नाहून आलेल्या स्त्रीला ते दिवस काय होते हे कोणी विचारीत नाही. अॅडलर यांनी १९९३ च्या लेखात तो प्रश्न जितका उघड मांडला, तितका आमच्या एकाही स्नानविधीच्या पोथीत आम्हांस आढळलेला नाही.